ओळखीच्या चुका

शिलाई मशीन दुरुस्तीला आणलं, की शफीकभाई आधी मशीन उघडत नसत. "याच्यावर शिवलेलं काई असन तं दाखवा," म्हणायचे. बाई पिशवीतून एखादं झबलं नाहीतर उशीचा अभ्रा काढून द्यायची. शफीकभाई ते उलटं करून उजेडात धरायचे, टाक्यांवरून अंगठा फिरवायचे आणि सांगायचे, "मशीनले काई नाई झालं. हे दोघींनी शिवलं हाय. कडा तुमी मारल्या, हे मंधातलं दुसऱ्या हाताचं. तो हात कपडा वढते, म्हनून सुई तुटते." बाई तोंडाला पदर लावून हसायची. घरात नणंद नाहीतर सासू मागून मशीनवर बसते, हे तिला त्या दुकानात कळायचं.

अकोल्याच्या जुन्या कापड बाजारामागच्या गल्लीतलं हे एवढंसं दुकान. तीस वर्षं रोज संध्याकाळी सहाला तिथं खुशालराव यायचे. मूळचे तेल्हाऱ्याचे, अकोल्यात एका जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवायच्या कामाला. चिमूटभर कापूस दोन बोटांत ताणून धाग्याची लांबी सांगणारा माणूस. सायकल भिंतीला टेकवली, की स्टूल ओढून बसायचे. शफीकभाई मशीनच्या लाकडी पेटीवर बुद्धिबळाचा पट टाकायचे. दोघंही देशी नियमानं शिकलेले. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालणार, आणि राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी. एक डाव, दोन चहा, आणि जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सहापर्यंत टोमणे मारायचे. बस.

दोन वर्षांमागं खुशालराव मुलाकडे, किशोरकडे, अमरावतीला राहायला गेले. जाताना म्हणाले, "दोन घंट्यावर तं हाय अमरावती, येत जाईन." आले एकदा. मग शफीकभाईंच्या मुलीनं, जेबानं, दोघांच्याही फोनात बुद्धिबळाचं ॲप टाकून दिलं. पहिल्याच डावाला खुशालरावांचा फोन आला.

"शफीकभाई, तुमचा फोन माह्या राजाले उडी मारू देत नाई."

"माहा नाई, तुमचाच फोन हाय तो राव. त्याच्यात इंटरनॅशनल नियम हायेत."

"मंग आपल्या राजानं का म्हातारपनी नवीन शिकाव?"

शिकले. प्याद्याची दोन घरं शिकले, किल्लेकोट शिकले. एका गोष्टीवर मात्र खुशालराव अडून बसले. प्यादं दोन घरं पुढं जाऊन शेजारच्या प्याद्याच्या बाजूला उभं राहिलं, तर शेजाऱ्याला ते लगेच तिरकं मारता येतं, जणू काही ते एकच घर चाललं होतं. "हे काई पटत नाई," ते म्हणाले. "मानूस आपल्या दारावरून निघून गेला, अन् आपन मागून जाऊन त्याले टोला हानाव काय? आपल्या दोघाईत हे नाई." शफीकभाईंनी कबूल केलं. ॲपला हा करार माहीत नव्हता, पण दोघांना होता, आणि पावणेदोन वर्षांत तो कुणी मोडला नव्हता.

शफीकभाईंना खेळण्यापेक्षा खेळून झालेल्या डावाचं जास्त वेड लागलं. सकाळी दुकान उघडून, मशीनच्या शटलांत तेल सोडून झालं, की ते चहा घेत कालचा डाव ॲपमध्ये तपासायला बसत. कुठं चुकलं ते ॲप लाल खुणेनं दाखवी, कुठं चालायला हवं होतं तिथं हिरवा बाण काढी, आणि शेवटी दोघांना शंभरातले गुण देई. यांना पासष्ट, रावांना साठ. कधी उलटं. गुणांचं त्यांना काही नव्हतं. त्यांना चुका बघायला आवडत. खुशालरावांच्या चुकांना त्यांनी नावं ठेवली होती. वजीर लवकर बाहेर काढला, की 'वजिराची वरात'. राजाच्या मागची रांग रिकामी सोडली, की 'मागली खिडकी उघडी'. तीस वर्षं त्या खिडकीतून शफीकभाईंचा हत्ती आत शिरत आला होता, आणि तीस वर्षं राव म्हणत आले होते, "अबे हो, ते राह्यलंच!"

पोळ्यानंतर राव म्हणाले, "संध्याकाळी नको, दुपारी तीनले खेळत जाऊ." शफीकभाईंना काय, दुपारी गिऱ्हाईक कमीच. डाव सुरू राहिले, आणि शफीकभाई हरू लागले. रडत-रखडत नाही, चांगले सपाटून. पाचला फोन लावून म्हणत, "वा राव, आज का मारलं तुमी!" तिकडून राव म्हणत, "हो, जमलं बावा." आणि लगेच हवापाण्यावर घसरत. आधी हा माणूस जिंकला की आठवडाभर सोडत नसे.

दिवाळी होऊन गेली. एका गुरुवारी शफीकभाईंनी कडेचं प्यादं दोन घरं पुढं केलं, आणि समोरून ते मारलं गेलं. तिरकं. दारावरून निघून गेलेलं प्यादं.

ते फोनकडे बघत राहिले. शिलाईची बाई समोर उभी होती, तिला म्हणाले, "उद्या या." डाव तिथंच सोडला आणि रावांना फोन लावायला पाचची वाट पाहत बसले.

"राव, आज ते प्यादं कसं मारलं?"

"कोनतं प्यादं?"

"कडंचं."

तिकडून राव खोकले. मग, "मारलं असन. मारतेच नं मानूस प्यादे. थंडी हाय काय अकोल्यात?"

शफीकभाईंनी थंडीचं सांगितलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुकान अर्धंच उघडलं आणि पोळ्यापासूनचे सगळे डाव एकामागून एक तपासायला घेतले. रावांचे गुण ब्याऐंशी, शहाऐंशी, एकदा नव्वद. पहिल्यांदा वाटलं, राव मशीनला विचारून खेळतात. दुसऱ्या एखाद्या फोनात कॉम्प्युटर लावायचा आणि तो सांगेल तसं चालायचं, असं करतात म्हणे लोक. पण मशीन चुकत नाही, आणि हा खेळणारा चुकत होता. घोडा कडेला नेऊन अडकवत होता. जिंकलेला डाव घाईनं संपवायला जाऊन लांबवत होता. चुका माणसाच्याच होत्या. फक्त त्या खुशालरावांच्या नव्हत्या. अडीच महिन्यांत एकदाही वजिराची वरात निघाली नव्हती. मागली खिडकी प्रत्येक डावात वेळेवर बंद.

शफीकभाईंनी अंगठ्यानं पडदा वर-खाली केला. उलटा करून उजेडात धरलेला अभ्राच जणू. दुसऱ्या हाताचं काम होतं.

म्हणजे रोज तीनला समोर कोण होतं? आणि राव खेळत नसतील, तर का नाही? आजारी आहेत? कंटाळले? की तीस वर्षांच्या माणसाला फोनवर "जमलं बावा" म्हणून टाळायचं, एवढंच उरलं होतं? कुणा दुसऱ्याच्या हातून हरल्याचं त्यांना दुःख नव्हतं. राव डावातून उठून गेले असतील, तर ते आपल्याला न सांगता गेले, हे खुपत होतं.

सोमवारी त्यांनी धुतलेला सदरा काढला. बायकोनं, शकीलानं, विचारलं, "किधर?"

"अमरावती."

"काम?"

"खुशालराव से मिलना है. शतरंज का जरा..."

"शतरंज के वास्ते अमरावती!" शकीलानं हातातलं ताट खाली ठेवलं. "मेरी खाला की बेटी की शादी थी अमरावती में, तब तो घुटने दुखते थे. आज बस में चढेंगे घुटने?"

"चढ जाएंगे," शफीकभाई म्हणाले आणि चपला घालून निघाले.

मूर्तिजापूरला बस बराच वेळ थांबली. दोन्ही बाजूंच्या वावरात कापूस फुटून पांढरा झाला होता. अमरावतीला उतरून, ऑटो करून, विचारत-विचारत ते किशोरच्या कॉलनीत पोचले तेव्हा तीनला पाच कमी होते. घर समोर दिसत होतं. फाटक उघडून आत जावं, असं वाटलं, आणि धीर झाला नाही. ते रस्त्याच्या अलीकडे कडुलिंबाखाली उभे राहिले, फोन काढला आणि रोजच्यासारखी पहिली चाल चालले. राजापुढचं प्यादं, दोन घरं.

समोरच्या ओसरीत 'टुक' वाजलं.

ओसरीत खुशालरावांची सून बसली होती, प्रणाली. पुढ्यात तुरीच्या शेंगांनी भरलेलं सूप. तिनं हात पदराला पुसले, शेजारचा फोन उचलला, मान तिरकी करून बघितलं आणि चाल चालली. शफीकभाईंच्या हातातला फोन वाजला. मग ती पुन्हा शेंगा सोलू लागली.

ते फाटक उघडून आत गेले. लग्नात पाहिलेली मुलगी. तिनंही ओळखलं, आणि ओळखल्याबरोबर हातातला फोन सुपाखाली सारला.

"काका! तुमी... अकोल्याहून? बसा नं. बाबा..."

"राव कुठी हायेत?"

तिनं रस्त्याच्या टोकाकडे हात केला. तिथं कॉलनीचं मारुतीचं देऊळ होतं आणि त्याच्या मंडपातून म्हाताऱ्यांचा कलकलाट येत होता. त्यातला मोठ्यानं हसण्याचा आवाज शफीकभाईंनी ओळखला.

"तबियत बरी हाय नं त्याहीची?"

"एकदम बरी हाय काका." ती पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि खाली बघत बोलू लागली. "माहीच चूक हाय. पोळ्याच्या दिवशी बाबा म्हनले, माह्यानं होत नाई, तूच चाल एखादी. मी चांदूर रेल्वेले शाळेत असताना खेळाची. जिल्ह्यापर्यंत गेल्ती. लग्नानंतर सुटलं. मी एक चाल चालली, मंग दुसरी... मंग बाबा फोन ठेवूनच जाऊ लागले. तुमी इतकं चांगलं खेळता काका, मले सोडवे ना. रात्री डाव डोळ्यापुढे दिसाचा." मग घाईनं म्हणाली, "मी कॉम्प्युटरले एकदाबी नाई इचारलं. आईची शपथ."

"माहीत हाय मले. तुहा घोडा कडेले जाऊन फसते. कॉम्प्युटरचा नाई फसत."

तिला हसू आलं, आणि ते तिनं आवरलं. "मंग कसं ओळखलं तुमी?"

"ते कडंचं प्यादं मारलं तू. गुरुवारी."

"पन ते नियमात हाय काका."

"नियमात हाय, बेटा. आमच्यात नोयतं."

तिला करार सांगितला तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. "बाबांनी सांगाव नाई काय!"

"बाबांचंच पाह्यतो आता," म्हणत शफीकभाई उठले.

मंडपात सतरंजीवर चौघं बसले होते, पत्ते खेळत. शफीकभाईंना पाहून खुशालरावांच्या हातातले पत्ते सतरंजीवर उलटे झाले, सगळ्यांना दिसतील असे. समोरचा म्हातारा ओरडला, "अहो राव, हुकूम दाखवला नं तुमी!"

"दाखवला तं दाखवला," राव म्हणाले आणि उठून बाहेर आले. दोघं देवळाच्या पायरीवर बसले. मग राव म्हणाले, "कळलं?"

"कळलं."

"शफीकभाई, खरं सांगतो. मले काचेवर काईच मजा येत नाई. दुकानात पट होता, तं पटावर तुमी दिसाचे. तुमचा हात हत्तीवर अडला तं मी समजाचो, आता हे फसले. मशीनच्या तेलाचा वास, तो चहा. घरी फोन घेऊन बसलो का मले वाटे, आपन भिताडासोबत खेळून राहिलो."

"मंग सांगाचं नाई? मी काई फासावर देत होतो?"

"कसं सांगू? तुमी पाचले फोन कराचे, आज का डाव झाला राव! इतके खूश. मी म्हनलं, सून खेळते, यायले आनंद होते, चालू द्या. मी सांगतलं असतं तं तुमी फोन कराचंच बंद केलं असतं. कायच्यावर बोललो असतो आपन?"

रावांचं खरं होतं. तीस वर्षांत डावाशिवाय ते दोघं कधी बोललेच नव्हते. म्हणजे पोरांची लग्नं, दुखणी, जिनिंग बंद पडली ते, सगळं बोलले होते, पण मधे पट ठेवून.

आतून हाक आली, "राव, येता का वाटू दुसरा डाव? अन् हे बोंडे चालले दवाखान्यात. चौथा गडी पायजे."

खुशालराव शफीकभाईंकडे बघू लागले. "मेंढीकोट येते?"

"पत्ते कधी हातात नाई धरले मी."

"सोपं हाय. चार दश्श्या असतात. ज्याच्याकडे जास्त दश्श्या तो जिंकला. समोरासमोर बसतात ते भिडू. तुमी माह्या समोर बसा."

शफीकभाई सतरंजीवर बसले. समोर खुशालराव, तेच गुडघा वर करून बसणं, तोच नाकावर घसरलेला चष्मा. फक्त या खेळात समोरचा माणूस आपल्याच बाजूचा होता, आणि हे डोक्यात शिरायलाच त्यांना दोन हात लागले. तिसऱ्या हाताला त्यांनी विचार केला. आत्ता थोडं द्यावं, पुढं जास्त घ्यावं, बुद्धिबळात असंच तर जिंकतात. त्यांनी दुसऱ्यांच्या एक्क्यावर आपली चौकटची दश्शी टाकली.

"अहो शफीकभाई!" खुशालराव सतरंजीवरून अर्धे उठले. "दश्शी! दश्शी देऊन टाकली! जीव दिला असता तं चाललं असतं!"

"मले वाटलं..."

"वाटाचं नाई! समोरचा काय मांगते ते पाहाव! मी केव्हाचा तुमच्याकडे डोळे करून राहिलो!"

"मंग मी म्हनलं, डोळ्याले काई झालं काय यायच्या."

बाकीचे दोघं मांडीवर थापा मारून हसले. खुशालराव हसले नाहीत. ते मनापासून चिडले होते, तसे चिडले होते जसे दुकानात हत्ती मागच्या खिडकीतून आत आल्यावर चिडायचे, आणि पुढचा डाव वाटून होईपर्यंत ते शफीकभाईंना बोलतच राहिले. शफीकभाई ऐकत होते. अडीच महिन्यांत हा आवाज त्यांना फोनवर एकदाही ऐकू आला नव्हता.

पाच डाव हरले. सहावा जिंकले, त्यात त्यांचं काही कसब नव्हतं. प्रणाली चहा घेऊन आली आणि मंडपाच्या खांबाशी थांबली. शफीकभाई तिला म्हणाले, "बेटा, ॲपवर आपल्या नावानं खातं काढ. रावाच्या नावानं खेळशीन तं मी नाई खेळत. तीनचा टाइम तोच."

"मी हरवलं तं चालन?"

"अडीच महिने झाले, रोजच तं हरवून राहिली."

निघायची बस त्यांनी सोडली, मग त्यापुढचीही. स्टँडवर राव सोडायला आले. बस सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, "उद्या पाचले मी फोन करतो. पहिले पाठ करा, कोनते पत्ते खाली पडले ते ध्यानात ठेवाचं असते."

बडनेऱ्याच्या पुढं फोन वाजला. ॲपवर कुणा प्रणालीनं डावाला बोलावलं होतं. शफीकभाईंनी ते वाचलं आणि फोन खिशात घातला. उद्या तीनला खेळता येईल. आत्ता ते शेवटच्या डावातले पत्ते आठवत होते. बदामची दश्शी कुणी नेली, ते त्यांना काही केल्या आठवत नव्हतं, आणि उद्या राव नेमकं तेच विचारणार होते.