पंच क्रमांक दोन

पोलीस ठाण्याचं पत्र आलं की आमच्या ऑफिसात एकदम सगळ्यांना बाहेरची कामं निघतात. 'दोन शासकीय पंच पाठवावेत' एवढाच मजकूर असतो. त्या दिवशी जागेवर दोघंच सापडलो. मोठे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, कारण त्यांना पत्राची कुणकुण लागली नव्हती, आणि मी, कारण अमरावतीहून येणारी माझी गाडी मूर्तिजापूरला अडकून अकोल्यात उशिरा पोचली होती. पंचनाम्याचं मोबाइलवर चित्रीकरण करायचा नियम तेव्हा यायचा होता.

ऑटोत मोठे बाबू सारखे बोलत होते. "एक पोलीस धड नाही, बाई. एक दाखवा मले." दोन दिवसांपूर्वीच ठाण्यातल्या मारहाणीचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला होता आणि मलाही त्याची चीड होतीच.

तिशीतल्या फौजदाराने चहा मागवला आणि टाईप केलेली चार पानं पुढे सरकवली. मोठ्या बाबूंनी हजेरीपटावर करतात तशा चारही पानांवर सह्या ठोकल्या. मी किराण्याचं बिलसुद्धा दुकानातच ताडून पाहते, म्हणून वाचायला घेतलं. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका वाइंडिंगवाल्याने दुकानामागच्या टिनाच्या खोलीत, बारदान्याखाली लपवलेली चोरीची मोटार आम्हा पंचांसमक्ष स्वखुशीने काढून दिली, असं त्यात होतं. वेळ दुपारी पाऊण ते पावणेदोन. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वीस झाले होते.

"मॅडम, तुमी काहून एवढं वाचून राह्यल्या? पीएचडी करायची हाय का?" फौजदार म्हणाला.

"पंचनामा पावणेदोनला संपला म्हणता. माझा चहा अजून संपायचाय."

"जायले-यायले वेळ लागते. म्हणून मजकूर आधीच तयार ठेवतो."

"मग जाऊन येऊ."

कोपऱ्यातल्या बाकावर पन्नाशीचा एक माणूस दोन्ही हात गुडघ्यांत धरून बसला होता. तोच वाइंडिंगवाला. तो हळूच म्हणाला, "मोटार समोरच ठेवेल हाय, मॅडम. गिऱ्हाइकाची चिठ्ठी बी बांधेल हाय तिले."

"तुले विचारलं का रे?" फौजदाराने त्याला गप्प केलं. पण मला जे कळायचं ते कळलं. मोटार मागे बारदान्याखाली होती असं लिहिलं गेलं, तर तो माणूस चोरीच्या मालाचा साथीदार ठरतो. समोर चिठ्ठी लावून ठेवलेली असेल, तर तो नुसता कारागीर. त्याची सगळी सुटका त्या एका जागेवर अवलंबून होती, आणि ती जागा आम्ही कोणी पाहिलीच नव्हती.

फौजदार वैतागून दाराकडे वळला. "जमादार, घेऊन जा यांले. पाहू द्या काय पाहायचं ते."

जमादार रिटायर व्हायला आलेले. अकोट रोडवरच्या त्या दुकानात मोटार दर्शनी भागातच होती, आठांच्या रांगेत तिसरी. तारेने बांधलेल्या पुठ्ठ्यावर गिऱ्हाइकाचं नाव आणि तेल्हाऱ्याकडचं गाव. जमादारांनी टेपने दारापासूनचं अंतर मोजलं, स्टुलावर बसून चार पानं हाताने लिहिली आणि मोठ्याने वाचून दाखवली.

"मागच्या खोलीत जुने पंखे आहेत. बारदाना नाही. तेही लिहा," मी म्हटलं. त्यांनी लिहिलं. मी ते वाचून सही केली; मोठे बाबू सही करून घड्याळ दाखवत राहिले. जेवणाची सुट्टी चालली होती.

"असं लिहिता येतं, मग ते दुसरं कशाला?" मी जमादारांना विचारलं.

"दोन्ही लिहिले, मॅडम. पाहून बी लिहिले, न पाहता बी लिहिले. वाचून सही करणारा पंच मले वर्षातून एखादा भेटते."

मला त्यांचा राग आला. त्यांच्याबद्दल चांगलं मत बनत आलं होतं, तेवढ्यात त्यांनी स्वतःच ते बिघडवलं.

ठाण्यात परत आल्यावर त्यांनी टाईप केलेली पानं फौजदारापुढे धरली. "साहेब, हे फाडू का?" फौजदाराने ती ओढून घेतली आणि स्वतःच फाडली. वाइंडिंगवाला जबाब देऊन चार वाजता घरी गेला, साक्षीदार म्हणून. पोलीस त्या गिऱ्हाइकाच्या शोधाला लागले.

दुसऱ्या दिवशी मोठे बाबू ऑफिसात पोलिसांची लबाडी रंगवून सांगत होते. "त्या कागदावर सही कोणाची होती?" मी विचारलं. "मले काय मालूम त्यात काय लिहेल हाय," ते म्हणाले.

जमादारांच्या कौतुकाचं पत्र पोलीस अधीक्षकांना पाठवायचं मी ठरवलं आणि त्यांचा बिल्ल्यावरचा बक्कल नंबर विचारायला फोन केला. ते कुठल्याशा चौकात बंदोबस्ताला उभे होते. "पत्र नका पाठवू, मॅडम. एकानं पाहून लिहिलं, याची तारीफ केली की बाकीच्यांची तक्रार झाली. मले अजून दोन वर्षं काढायची हायेत."

"मग तुमचं कौतुक करायचं तरी कसं?"

"कोर्टातून बलावणं आलं तर या. पंच येतच नाहीत."

बोलावणं दीड वर्षाने आलं. पंच क्रमांक एक म्हणून मोठे बाबू आधी आत गेले आणि रुमालाने मान पुसत बाहेर आले. "सांगून टाकलं मी. ठाण्यातच सही केली, पोलिसांच्या सांगण्यावरून. खरंच होतं ना?"

अर्धं खरं होतं. फाडलेल्या कागदापुरतं.

आरोपी झालेल्या त्या गिऱ्हाइकाचा वकील मलाही तेच विचारत होता. ती मोटार वाइंडिंगवाल्यानेच चोरून मागच्या खोलीत लपवली होती, आपल्या अशिलाने ती कधी दुकानात दिलीच नव्हती, असं त्याला ठरवायचं होतं. "पोलिसांनी सांगितलं तिथे तुम्ही सही केली, हे खरं आहे काय?"

पोलिसांची बाजू घेऊन मला इतकं चिडता येईल, असं कधी वाटलं नव्हतं. "खोटं आहे," मी म्हटलं. "जमादारांनी माझ्यासमोर मोजून लिहिलं, मी वाचलं, मग सही केली. मोटार दर्शनी भागात होती, रांगेत तिसरी. मागच्या खोलीत जुने पंखे होते."

न्यायाधीशांनी ते टिपून घ्यायला सांगितलं.