हमदानचा मुनीर

अबुधाबीतल्या रुवैसमध्ये मुनीर परकार कोण, असं विचाराल तर लोक खांदे उडवतील. हमदानचा मुनीर म्हणा, थेट मालक हमदानच्या गोडाऊनच्या दारात आणून सोडतील. ड्रायव्हर वासिफ हमदानचा, स्वयंपाकीही हमदानचा. सत्तावीस वर्षांत परकार हे आडनाव पासपोर्टापुरतं उरलं. आणि या बाबाला त्याचाच केवढा अभिमान!

पण तिकडे खेडला बायकोला, कुलसुमला, काचबिंदू झालेला. उरलीसुरली नजर सहा महिन्यांची, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. रजेच्या तीस दिवसांनी काय भागणार? मुनीर राजीनामा खिशात घालून तीनदा मालकाकडे गेला. तिन्ही वेळा हमदानने स्वतःच्या हाताने कॉफी ओतली, तू नोकर नाहीस, घरचा आहेस म्हणाला, आणि हा राजीनामा खिशातच ठेवून परत आला. घरच्या माणसाने राजीनामा द्यायचा तरी कसा?

शनिवारी तो अल रीमला मुलाकडे, तहाकडे, गेला. नात इनाया शाळेचं प्रोजेक्ट करत होती. जुन्या रोममधलं एक आडनाव, क्लॉडियस. बादशहा क्लॉडियस, रस्ता बांधणारा क्लॉडियस, न्हावी क्लॉडियस, आचारी क्लॉडियस. एवढं मोठं खानदान, म्हणून मुनीरला कौतुक वाटलं.

"नो दादा, दे वर स्लेव्ह्ज," इनाया म्हणाली. "मास्टरने फ्री केलं की त्याचं नेम मिळायचं."

"मग गेले असतील आपापल्या गावी."

"नो. मास्टरने कॉल केलं की जाऊन वर्क करायचे. स्टिल."

जेवणावरून लक्षच उडालं मुनीरचं.

सोमवारी त्याने कॉफीला हातच लावला नाही. उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. हमदानचे डोळे पाणावले, अगदी खरेखुरे. त्याने मुनीरला मिठी मारली. खलास, झालं, जा म्हणाला, बायको आधी. फक्त गोडाऊनला नवा माणूस तयार करून जा. सहा महिने, इन्शाल्ला. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

आणि हा शहाणा "जी" म्हणून बाहेर आला! स्वतःचाच संताप आला त्याला, पण परत आत जायला पाय उचलेना.

कुलसुमला फोन लावून त्याने सांगितलं, मालकाने सोडलं. तिने विचारलं, कधी येताय? त्याने सहा महिन्यांनंतरचा महिना सांगितला. तिने फोनवरच पुटपुटत महिने मोजले.

"बरं," ती म्हणाली. "मग तुमचा एक फोटो पाठवा. जवळून काढलेला, मोठा. दिसतंय तोवर बघून घेते."