नाळे

आज सकाळी वॉचमन दारात येऊन म्हणाला, "अक्का, टँकर नाळे बरुत्ते." टँकर उद्या येईल. मी "सरी" म्हटलं आणि रिकामी बादली मोरीत ठेवली.

'नाळे' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो यशवंतपूरच्या पत्र्यांच्या वस्तीत. लातूरहून येऊन आम्हाला फार दिवस झाले नव्हते. आई बांधकामावर विटा वाहायची. वस्तीच्या टाकीत तळाचं गंजकं पाणी उरलं होतं, आणि तेच पिऊन माझ्या धाकट्या भावाला, सदूला, जुलाब लागले होते. आईने टँकरवाल्याला हातवारे करून चांगलं पाणी मागितलं. रिकामा टँकर वळवत तो म्हणाला, "नाळे अक्का, नाळे."

आईला कन्नड येत नव्हतं. ती हसतच परत आली. "नळ देणारेत गं आपल्याला!"

तिने दारासमोरची जागा झाडली. नळाखाली असावा म्हणून एक सपाट दगड ओढत आणला आणि घागर घासून त्याच्याशेजारी उपडी घातली. ओल्या राखेचा वास अजून आठवतो. सदू गोधडीवर पडून बघत होता.

"पहिलं पाणी मला हं," तो म्हणाला.

"तुलाच रे," आई म्हणाली.

आता मला कन्नड चांगलं येतं. टँकरवाला खोटं बोलला नव्हता. पाणी दुसऱ्या दिवशी दुपारी आलं, अगदी स्वच्छ. आईने सदूला त्याच दगडावर शेवटची अंघोळ घातली.