नाशकात बावीस अंश

"गार हाय की!"

विंचूरच्या पवारअण्णांनी पॅनलच्या दारावर पालथा हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मी जिंकल्यासारखं देशमुखसाहेबांकडे पाहिलं. साहेब आमचे वर्क्स मॅनेजर. माझ्या हट्टापायी त्यांनी कंपनीला कॉम्प्युटर घ्यायला लावला होता, आणि आज त्याची पहिली परीक्षा होती. हरलो असतो तर अण्णांची ऑर्डर गेली असती आणि साहेबांची अब्रूही.

अण्णांचा कारखाना कांदा वाळवण्याचा. मोटारींचा वेग सांभाळणारं पॅनल आतून हिटरसारखं तापतं, म्हणून एरवी आम्ही त्याला पंखा आणि जाळी लावायचो. पण कांद्याची सालं त्या जाळीत जाऊन बसत. अण्णांना चहूबाजूंनी बंद पेटी हवी होती. ती किती तापेल हे काढायला मी प्रोग्रॅम लिहिला. आतली उष्णता आणि अँबियंट, म्हणजे पेटीभोवतालच्या हवेचं तापमान, एवढं दिलं की उत्तर छापून येई. उत्तर आलं: पंख्याची गरज नाही. वर मी पेटीत तेवढीच उष्णता देणारे बल्ब लावून प्रयोगही केला. गणित आणि प्रयोग तंतोतंत जुळले! त्यानंतर काही दिवस कँटीनमध्ये मी कोणाशी धड बोलत नव्हतो.

"आता भाहेर शेडमधी लावून दाखवा," अण्णा चपला घालत म्हणाले. आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत देवळासारखं चपला काढून यावं लागे.

मे महिना. शेडला पत्रा. चहा येईपर्यंत पेटीतल्या तापमानाचा काटा मर्यादेपलीकडे गेला. पाठोपाठ वायरीच्या प्लास्टिकचा वास सुटला. साहेबांनी स्वतः स्विच बंद केला.

"गांगुर्डे, अँबियंट किती धरलंत?"

"बावीस, सर."

"नाशकात? मे महिन्यात?"

"खोलीतल्या थर्मामीटरवर तेवढंच होतं, सर."

प्रयोगही मी त्याच खोलीत केला होता. एसी कॉम्प्युटरसाठी बसवलेला. त्याची सवय मला लागली होती. चूक दोन्हीकडे सारखीच, म्हणून तर जुळणी इतकी सुरेख!

अण्णांनी बशीतला चहा संपवला. "साहेब, पॅनल लय भारी हाय. फक्त ती खोली बी सोबत पाठवून द्या."

साहेबांना हसू आलं नाही. "आणि ऑर्डर?"

"थांबतो की. कांद्याला बी वाळायला येळ लागतो."

मी शेडमध्ये उभं राहून तापमान घेतलं, त्यात अण्णांच्या भट्टीची धग मिळवली आणि गणित पुन्हा केलं. बंद पेटी चालणार होती, पण उष्णता बाहेर पडायला ती आकारानं रुखवतातल्या कपाटाएवढी हवी होती. ती पत्र्याखाली पास झाली. अण्णांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली. "वर पापड बी वाळतील," म्हणाले आणि ऑर्डर दिली.

दुसऱ्या दिवशी माझं टेबल शेडमध्ये, पत्र्याखाली मांडलेलं होतं. कॉम्प्युटर मात्र एसीतच राहिला. साहेबांच्या मते त्याची काही चूक नव्हती. त्यानंतर माझं अँबियंट कधी चुकलं नाही. उष्णतेचं गणित करणाऱ्याला थोडं उकडलं पाहिजे.