हौसाबाईंचा राब आणि सायलीची फिल्म

सिनेमाला पाय पसरून बसावं, शेंगदाणे खावेत आणि मध्ये कुणी उपदेश करू नये, असं माझं साधं मत आहे. त्यामुळे तळेगावच्या माझ्या भाचीने, सायलीने, "आत्या, माझी पहिली फिल्म लोणावळ्यात दाखवणार आहेत, पर्यावरणावर आहे," असं फोनवर सांगितलं तेव्हा मला आनंद झाला आणि थोडी धास्तीही वाटली. पण भाची एकुलती एक. एप्रिलच्या अखेरीस नाशिकहून पुणं गाठलं आणि लोणावळ्याच्या लोकलमध्ये बसले. देहूरोड मागे पडल्यावर डोंगर दिसू लागले, ते बरेचसे काळे.

"दरवर्षी वणवे लागतात. त्याच्यावरच आहे फिल्म," तळेगाव स्टेशनवर मला घ्यायला आलेली सायली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता लोणावळ्यातल्या एका शाळेच्या सभागृहात खेळ होता. त्याआधी, म्हणजे त्याच दुपारी, जिथे शूटिंग झालं त्या वाडीतल्या लोकांना फिल्म दाखवायची, असं तिने ठरवलं होतं. कार्ल्याला रस्त्याकडेच्या टपरीवर वडापाव खाल्ला आणि सायलीने तिची गाडी डोंगराकडे वळवली. शेवटचा टप्पा पायी होता. तिथे माझ्या चपलेचा अंगठा तुटला. तो सुतळीने बांधून मी लंगडत वाडीत पोहोचले.

वाडीतली शाळा एका खोलीची. अंधार करायला खिडक्यांवर गोधड्या टांगल्या होत्या, त्यामुळे आत नुसती भट्टी. फिल्म सुरू झाली. आपली शेळी, आपलं आंब्याचं झाड पडद्यावर दिसलं की लोक खुदखुदत. मग पेटलेले डोंगर आले. "माणसाच्या निष्काळजीपणामुळे जंगल राख होत आहे," सायलीचा आवाज म्हणाला, आणि पडद्यावर आगीशेजारी उभी असलेली एक म्हातारी दिसली. खोलीतलं हसू थांबलं.

पुढच्या रांगेतल्या एक आजी उठल्या. नाव हौसाबाई. "ती मी हाय," त्या म्हणाल्या.

"हो आजी. छान आलाय तुम्ही," सायली म्हणाली.

"आले आसंन. पर ह्यो वणवा न्हाई. ह्यो माजा राब हाय."

राब म्हणजे भाताचं रोप टाकण्याआधी वाफ्यावर शेण, पाला, गवत अंथरून ते जाळणं. त्याने तण मरतं, रोप जोमाने येतं. इथल्या पोरासोरांनाही हे ठाऊक. माझ्या भाचीला मात्र धूर दिसला आणि तिने तो वणव्यात जोडून टाकला.

"उंद्या लोणावळ्यात लोकं ह्ये बगणार," हौसाबाई म्हणाल्या. "परवा मी तितंच करवंदं घिऊन बसनार. म्हनतील, हीच ती डोंगूर जाळनारी. मंग माज्याकडनं कोन घील?"

"पण आजी, धूर तर दोन्हीकडे सारखाच."

"धूर कशापायी बगतीस? मानूस बग. ज्या आगीला मानूस हाय त्यो राब. मानूस न्हाई त्यो वणवा."

सायली तोंड पाडून बाहेर आंब्याखाली जाऊन बसली. मला तिची दया आली आणि रागही आला.

"चुकलं ना? मग दुरुस्त कर," मी म्हणाले.

"आत्या, उद्या चारला खेळ आहे."

"मग रडायला वेळ नाही."

हौसाबाईंचा एक वाफा जाळायचा राहिला होता. "सकाळी वारा पडल्याव लावू काडी," त्या म्हणाल्या. आम्ही तिथेच राहिलो. तांदळाची भाकरी आणि कैरीचा ठेचा इतका सुंदर होता की मी चपलेचं दुःख विसरले.

सकाळी आधी वाफ्याभोवतीचं गवत काढून मोकळा पट्टा केला. हंडे भरून ठेवले. चार कोपऱ्यांवर ओल्या डहाळ्या घेऊन चौघांनी उभं राहायचं असतं. हौसाबाईंची सून माहेरी गेल्यामुळे चौथा कोपरा माझ्याकडे आला. मी फार ऐटीत उभी होते. तेवढ्यात माझ्या साडीच्या काठावर ठिणगी पडली. हौसाबाईंनी डहाळीने ती विझवली, त्यात माझी पोटरीही सडकून निघाली.

"लागलं व्हय? आसूं द्या, इझलं," त्या म्हणाल्या. सायलीने हेही शूट केलं.

परतीच्या वाटेवर गाडी मी चालवली. शेजारी सायली मांडीवर लॅपटॉप घेऊन कापाकापी करत होती आणि मागे करवंदांची पाटी धरून हौसाबाई. प्रत्येक खड्ड्याला दोघी मला बोलत होत्या.

चार वाजता सभागृह भरलं. काळे डोंगर आले, मग हौसाबाईंचा राब आला, भोवतीचा मोकळा पट्टा, चार कोपरे, माझी पोटरी. लोक पोट धरून हसले. मग हौसाबाईंचा आवाज आला, "ज्या आगीला मानूस हाय त्यो राब." आणि टाळ्या पडल्या. दिवे लागल्यावर शाळेतल्या मुलींनी हौसाबाईंना गराडा घातला. "आजी, काडी कधी लावायची?" "राबानंतर आग विझली हे कसं कळतं?" प्रश्न संपायच्या आत करवंदं संपली. मला सायलीचा फार अभिमान वाटला, फिल्म केल्याचा कमी आणि कापल्याचा जास्त.

दुसऱ्या दिवशी एसटीने नाशिकला निघाले. चंदनापुरी घाटात रस्त्याकडेचं वाळलं गवत पेटलेलं दिसलं. आग अजून लहानच होती, पण वर सगळी टेकडी वाळलेली. एरवी मी नाकाला पदर लावून खिडकी बंद केली असती. या वेळी आगीच्या कडेला कोणी उभं आहे का ते पाहिलं. कोणीच नव्हतं.

"कंडक्टरभाऊ, गाडी थांबवा," मी म्हणाले. "या आगीला माणूस नाही."

त्याला काही कळलं नसावं, पण गाडी थांबली. मी खाली उतरून करंजाची डहाळी मोडली तसे आठदहा जण मागून उतरले. सगळ्यात जोरात ड्रायव्हरने झोडपलं. दहा मिनिटांत आग विझली. काळ्या तोंडांनी आम्ही परत गाडीत बसलो, आणि कंडक्टरने सगळ्यांना शेंगदाणे दिले.

घरी दार उघडून यजमानांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. जळका काठ, सुतळीची चप्पल, तोंडाला काजळी.

"तू सिनेमा बघायला गेली होतीस ना?"

"व्हय," मी म्हणाले.