कोरियातल्या सवतीचा कडू घास

मला दोन सवती. एक चांदीची, दुसरी लोखंडाची. हाडामांसाची एकही नाही, पण म्हणून ताप काही कमी झाला नाही.

चांदीची म्हणजे आमच्या ह्यांची पहिली बायको. लग्नानंतर थोड्याच दिवसांत ती तापाने गेली आणि मग मी आले. दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, ही आमच्याकडची रीत. नखाएवढा चांदीचा तुकडा, त्यावर बाईचं चित्र. नवं लुगडं आलं की त्याचा पदर आधी टाकाला लावायचा, मग मी नेसायचं. सणाला घास आधी तिला दाखवायचा, मग मी जेवायचं. आणि भाजीत मीठ जास्त पडलं की हे म्हणणार, "थोरलीच्या हाताला चव होती." असेल हो! पण तिने रांधलं किती दिवस? मी जन्मभर चुलीपुढे बसले, कधीतरी मीठ जास्त पडणारच की! मेलेल्या बाईची भाजी कधी खारट होत नाही, हे मला तेव्हाच कळलं. तिचा एक फोटोसुद्धा घरात नव्हता. असता तर निदान नाक तरी नकटं आहे म्हणता आलं असतं.

लोखंडाची सवत आणली आमच्या नातीने. पल्लवी आमच्याकडे राहून कळंबला कॉलेजात जाते. तिने आपला फोन टीव्हीला जोडून कोरियाची मालिका लावली, हिंदीत बोलणारी. गोष्ट अशी की एक श्रीमंत पोरगा. त्याला माणसांचा कंटाळा. म्हणून तो घरकामाला कंपनीतून यंत्राची पोरगी मागवतो, आणि घरकाम राहिलं बाजूला, तिच्या प्रेमात पडतो! (आमच्या गोठ्यात कडबा कापायचं यंत्र आहे. त्याच्या प्रेमात अजून कोणी पडलेलं नाही.)

हे आधी दारात उभं राहून बघायचे. मग खांबाला टेकून. मग पलंगच टीव्हीपुढे सरकवून घेतला. मी एका कोपऱ्यात तूर पाखडत बसायची. एक दिवस हे म्हणाले, "पल्लवे, आमची थोरली अगदी अशीच होती बघ."

माझ्या हातातलं सूप थांबलं.

"अशीच म्हंजी कशी?" मी विचारलं.

"अशीच. गोरीपान. हसायची बी अशीच. कधी उलटून बोलायची न्हाय."

"त्या यंत्राला उलटं बोलायचं बटणच न्हाय!"

"तेच म्हणतो म्या. कंपनीनं डोकं लावलंय!"

झालं! इतकी वर्षं जिला तोंड नव्हतं तिला आता तोंड मिळालं, आणि तेही असलं देखणं! दात मोत्यासारखे, केस रेशमासारखे, वय एका दिवसाने वाढायचं नाही. माझ्या गुडघ्यात वंगण घालायची वेळ आलेली.

मी रिमोट ज्वारीच्या कणगीत लपवला. ह्यांनी अख्खी कणगी उपसून तो काढला! विहिरीवरची मोटार बंद पडली तर उद्या बघू, परवा बघू म्हणणारा माणूस! मग मी दुसरा उपाय केला. ती यंत्राची पोरगी त्या पोराला ताट द्यायची ते दोन्ही हातांनी, कमरेत वाकून. मीही एक दिवस दोन्ही हातांनी, कमरेत वाकून भाकरी वाढली. वाकले ती वाकलेलीच राहिले! पल्लवीने बाम चोळून मला सरळ केलं. हे टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाले, "काय सांडलंय का?"

आणि मग तो दिवस आला. मालिकेत धो धो पाऊस लागला. तो पोरगा नदीत पडला, ह्या पोरीने उडी घेऊन त्याला वर काढलं, आणि तिच्या अंगात पाणी गेलं. डोळे मिटले, मान पडली, आणि तिथंच भाग संपला! पुढचा भाग होता पल्लवीच्या फोनमध्ये, आणि पल्लवी फोन घेऊन एस.टी.ने कळंबला गेलेली.

ह्यांनी टॉवेल तोंडाला लावला. ढसाढसा रडले. जेवायला बोलावलं तर म्हणे, "घास उतरत न्हाय." मी ताट झाकून ठेवलं आणि धुसफुसत ओसरीवर बसले. (मागं मी दवाखान्यात होते तेव्हा ह्यांनी तीन वेळा चहा मागितला होता, तोही नर्सकडे.)

तेवढ्यात शेजारची कोंडाबाई विरजण मागायला आली. आत डोकावून म्हणाली, "आक्का, आबा का रडतेत?"

माझ्या तोंडून गेलं, "माझी सवत मेली म्हणून!"

"ती तर कवाच मेली की."

"ती न्हाय. दुसरी."

कोंडाबाईने डोळे मोठे केले. "दुसरी बी होती?"

"होती की! रोज दुपारी तिच्यापुढंच बसलेले असायचे!"

"आन् तुमी काय बोलला न्हायसा?"

"बोलून उपेग काय? मी म्हातारी, ती तरणी!"

कोंडाबाई विरजण न घेताच गेली. मला तिथंच कळायला हवं होतं.

थोड्या वेळाने माझा पुतण्या दत्ता मोटारसायकलवर आला. दत्ताची आणि आमची जमीन बांधाला बांध. तो घाम पुसत हळूच म्हणाला, "काकू, ढोकीची होती का?"

आमचे हे पूर्वी ढोकीला साखर कारखान्यात काट्यावर होते, उसाच्या गाड्या मोजायला. आता मला उलगडलं की गावाने गोष्ट कुठपर्यंत नेली. मी तोंड उघडणार, तोवर दत्ता म्हणाला, "काकांनी तिला काय लिहून बिहून दिलंय का? पोरंबाळं हायेत का तिला?"

"तिला कशी व्हतील पोरं?"

"म्हंजी वारस न्हाय!" दत्ताने मोठा श्वास सोडला. मग डोळ्याला रुमाल लावला. "लई वाईट झालं बघा. माणूस चांगलं असंल."

पाठोपाठ बायका आल्या. एकेक जण मला कवळा घालून, गळ्यात पडून म्हणाली, "लई सोसलंस गं बाई! तोंडातून शब्द काढला न्हायस!" आता खरं सांगते. हे नुसतं टीव्हीतलं आहे, असं सांगायचं माझ्या ओठावर आलं होतं. पण लग्न झाल्यापासून 'लई सोसलंस' असं मला कोणी म्हटलं नव्हतं. म्हटलं, अजून दोघी-चौघींना म्हणू दे, मग सांगू.

तोवर आत पुरुष मंडळी ह्यांच्याभोवती बसली होती.

"आबा, झालं ते झालं. गेली कशी?"

"भिजली हो. अंगात पाणी गेलं."

"न्युमोनिया," दत्ता म्हणाला.

"दवाखान्यात न्यायची न्हाय का?"

"दवाखान्यात काय करत्यात तिला! कंपनीतच न्यायला पाहिजे होती. पर त्या पोराला काय सुचलंच न्हाय."

"पोरगं हाय तिला?" दत्ता पुन्हा घामाने भिजला.

मी आता उठून सगळं सांगणारच होते, तर दारात माझी मोठी जाऊ सोजरबाई उभी! डोक्यावर भाकरीची टोपली, हातात पिठल्याचं पातेलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून भावकीतून जेवण येतं, त्याला आम्ही कडू घास म्हणतो. सोजरबाई यंत्राच्या बाईचा कडू घास घेऊन आली होती! तिने रीतीप्रमाणे आधी ह्यांच्यापुढे ताट ठेवलं. "खावा भावजी. जाणारी जाती, पोटाला ऱ्हावत न्हाय."

आणि ह्यांनी खाल्लं! माझ्या हातची भाकरी दुपारपासून झाकलेली, आणि सवतीच्या नावाचं पिठलं हे बोटं चाटून खात होते! वर म्हणतात कसे, "वैनी, मीठ बेतशीर हाय." माझ्या अंगाची अशी आग झाली की चूल पेटवायची गरजच नव्हती.

तेवढ्यात पल्लवी आली. दारात चपलांचा ढीग बघून तिने "आबा!" म्हणून किंकाळी फोडली आणि आत धावली. आबा पिठलं मागून घेत होते.

"मग कोण गेलं?" ती म्हणाली.

"तुझी ढोकीची आजी गं बाई," सोजरबाईने पदर डोळ्याला लावला.

पल्लवीने माझ्याकडे बघितलं. मी वर छपराच्या पत्र्याकडे बघितलं.

"कुठली ढोकी?" हे म्हणाले. "ती तर कोरियाची!" आणि त्यांनी टीव्हीकडे बोट केलं.

दत्ता म्हणाला, "म्हंजी आमी टीव्हीतल्या बाईच्या दुखवट्याला बसायला आलो व्हय?" पण उठलं कोणी नाही. एवढं रडल्यावर निदान मेलेलीचं तोंड तरी बघावं, असं सगळ्यांचं मत पडलं. पल्लवीने फोन जोडला. पडद्यावर ती पोरगी आडवी पडलेली दिसली.

"अगदी आमच्या थोरलीवानी," हे हळूच म्हणाले.

"ही?" सोजरबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "अवो, थोरलीला म्या बघितलीया! ती उंच, हाडापेरानं मोठी, आन् पुढचे दोन दात ओठावर. तोंड तर असं फटकळ, की सासूबाई तिला भिऊन माळ्यावर जाऊन बसायच्या!"

फटकळ! मी ह्यांच्याकडे वळले. म्हटलं, "काय हो? उलटून बोलायची न्हाय ना?"

हे ताटातलं पिठलं बोटाने पुसत म्हणाले, "कवाची गोष्ट ती. तिचं तोंडच मला आठवंना आता. टीव्हीत ही दिसली, म्हणलं अशीच असंल."

एवढी वर्षं मी जिच्यावर जळत आले ती ह्यांनाच धड आठवत नव्हती. माझी सगळी जळजळ फुकट गेली होती.

तिकडे पडद्यावर त्या पोराने पोरीला घरी आणलं. तिच्या मानेमागे चार्जिंगची पिन लावली, आणि नेमकी त्याच्या बंगल्यातली लाइट गेली! पोरगा तिचा हात धरून नुसता रडतोय. आणि मी उठून उभी राहिले.

"अरं मुडद्या, रडतोस काय! एवढा बंगला बांधलास, इन्व्हर्टर न्हाय का घरात? शेजाऱ्याकडनं वायर ओढ! लवकर!"

सगळे टीव्ही सोडून माझ्याकडे बघायला लागले.

"आक्का, तुमची सवत ना ती?" कोंडाबाई म्हणाली. "मरंना का!"

"मरंना का कसं?" मी ओरडले. "मेली तर गुणाची हुईल! जित्या सवतीशी भांडता तरी येतंय!"

लाइट आली. पोरीने डोळे उघडले. "उघडले, उघडले!" म्हणून सगळं घर ओरडलं, दत्ताने तर टाळ्या पिटल्या. आणि मी कमरेवर हात ठेवून चुलीपाशी गेले, मूठभर मीठ-मोहरी घेतली आणि भरल्या घरात टीव्हीवरून ओवाळून सवतीची दृष्ट काढली. माणसं हसली तर हसू देत. एवढ्या बाया टक लावून बघत होत्या, आणि कोंडाबाईची नजर काय चांगली आहे का!