खंडेनवमीचं ओलं फूल

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तसं त्याला माझं सगळं ठाऊक असतं, पण हे नाही. आज तुम्हाला सांगतेय, कारण काल निलंग्याच्या एसटीनं पुन्हा झेंडूचं पोतं आलंय.

लातुरात आमचं ऑफिस. खंडेनवमीला शेतकरी नांगर-कोयता पुजतो, तसे आम्ही कॉम्प्युटर, प्रिंटर, शिक्के पुजतो. दाराला तोरण, टेबलाटेबलाला माळा, साहेबांच्या खोलीत केळीचे खांब. ही सगळी सजावट पूर्वी आप्पांची असायची. सिद्रामप्पा, आमचे हेडक्लार्क, निलंग्याकडचे, कपाळावर भस्माचे पट्टे. वर्षभर खेकसणारा माणूस, पण त्या दिवशी फरशीवर मांडी घालून माळा ओवायचा आणि चक्क गुणगुणायचा. आम्ही एकमेकींना कोपरानं ढोसून हसायचो.

मी तेव्हा नवी होते. वडिलांच्या माघारी त्यांच्या जागी लागलेली, अजून कायम न झालेली. आप्पांनी विश्वासानं साहेबांच्या खोलीतली पूजा माझ्याकडे दिली. आणि मी — काय सांगू? आमच्या घरी कोयता, खुरपं आधी धुतात, मगच कुंकू. पाण्याशिवाय पूजा कसली? मी झेंडूचं फूल तांब्यात बुडवलं, साहेबांच्या कॉम्प्युटरवर चांगलं शिंपडलं, आणि ते ओलंचिंब फूल त्याच्या वरच्या, हवा जायच्या जाळीवरच ठेवून दिलं. हात जोडले, नोकरी कायम होऊ दे म्हणाले. हसू येतंय ना? मलाही येतं — अर्धं.

सुट्टी संपल्यावर साहेबांनी बटण दाबलं आणि धूर निघाला.

"कुणाचा शहाणपणा हा?" साहेबांनी विचारलं. सगळ्यांच्या माना आप्पांकडे वळल्या. सजावट त्यांची, मग खापरही त्यांच्याच डोक्यावर. माझी दातखीळ बसली म्हणावं, तर — नको, तसं नव्हतं. मला बोलता येत होतं. मी बोलले नाही.

आप्पांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "माझ्याच हातनं सांडलं असंल, साहेब. ध्यान न्हाई राहिलं."

साहेबांनी सगळ्यांदेखत फर्मान काढलं — यापुढे आप्पांनी सजावटीला हात लावायचा नाही. आणि मला काय वाटलं असेल? सुटले, असं वाटलं.

पुढच्या खंडेनवमीला आप्पांनी सुई-दोऱ्याचा डबा माझ्या टेबलावर आणून ठेवला. "आता तूच करत जा, पोरी," म्हणाले. "अन् मशिनीला कुंकू कोरडंच लाव."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. पहिल्यापासून.

त्या दिवशी आम्ही माळा ओवत होतो आणि आप्पा पाठमोरे बसून फायली चाळत होते. गुणगुणणं नव्हतं. निवृत्त होईपर्यंत दर वर्षी ते तसेच बसले. मी नोकरीत कायम झाले, तरी बोलले नाही. ते साहेब बदलून गेले, तरी नाही. मग कशाची भीती होती? कशाचीच नाही. 'सजावट करावी तर मॅडमनीच' हे कौतुक मला गोड लागायला लागलं होतं, एवढंच.

आणि आप्पांनी काय करावं? निवृत्तीनंतर शेतात एक पट्टा झेंडू लावला. दर दसऱ्याला ऑफिससाठी पोतं येतं, त्यावर माझं नाव असतं. माझ्या आईचं औषधपाणी झालं, पोरींच्या शाळा झाल्या, घरात दोन वेळा चूल पेटते, ते सगळं आप्पांनी साहेबांपुढे म्हटलेल्या त्या एका वाक्याच्या जोरावर. आप्पांचे उपकार माझ्यानं फिटायचे नाहीत. तोरण बांधताना मी मनात त्यांच्या पाया पडते. मनातच.

काल मी फोन केला. "आप्पा, फुलं पोचली."

"वाटंत पाऊस लागला काय? वली तर न्हाईत ना?"

माझ्या ओठांवर सगळं आलं होतं. पलीकडे आप्पा त्यासाठीच थांबले होते — की मलाच तसं वाटलं?

"नाही आप्पा," मी म्हणाले, "कोरडी आहेत."